पावणेदोन वर्षं मुक्कामाला आलेला तारा: १०५४ च्या अतिनवताऱ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीत आकाशदर्शनाला गेलं की वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी दुर्बीण लावून मी दरवेळी एक फिकट करडा डाग दाखवतो: खेकडा तेजोमेघ, म्हणजे १०५४ साली फुटताना दिसलेल्या ताऱ्याचा उरलेला धुरकट पसारा. बघणारा बहुतेक वेळा "एवढंच?" म्हणतो. मग त्या डागाची हकिगत सांगितली की तीच मंडळी पुन्हा रांगेत येऊन उभी राहतात, आणि प्रश्न सुरू होतात. इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत.

१०५४ साली आकाशात नेमकं काय दिसलं?

४ जुलै १०५४ च्या पहाटे पूर्वेला एक नवा तारा उगवला. आपल्याकडे तेव्हा शके ९७६ चालू होतं. चीनमध्ये सोंग घराण्याची राजवट होती आणि दरबारी ज्योतिषी रोज रात्री आकाशावर पहारा ठेवत. त्यांच्या नोंदीनुसार हा तारा दिवसाढवळ्या शुक्रासारखा दिसत होता, त्याला चारी बाजूंना टोकदार किरण होते आणि रंग तांबूस पांढरा होता. २३ दिवस तो भर उन्हातही दिसत राहिला. त्यानंतर रात्रीचा दिसत होता आणि हळूहळू मंदावत गेला. एप्रिल १०५६ मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी, तो दिसेनासा झाल्याची नोंद आहे.

अशा अचानक उपटलेल्या ताऱ्याला चिनी लोक 'पाहुणा तारा' म्हणत. मला हा शब्द फार आवडतो. पाहुणा कधी आला, कुठे उतरला आणि कधी गेला, हे सगळं त्या नावातच अपेक्षित आहे, आणि त्यांनी ते खरोखर लिहून ठेवलं.

दरबाराला त्यात एवढा रस का?

कारण आकाशातली प्रत्येक अनपेक्षित गोष्ट सम्राटाच्या कारभारावरचा शेरा मानली जाई. यांग वेइदे या प्रमुख ज्योतिष्याने दिलेल्या अहवालात ताऱ्याच्या वर्णनाबरोबर फलही सांगितलं आहे: पाहुण्याने अमुक नक्षत्राची हद्द ओलांडली नाही, सबब राज्याला शुभ. फलज्योतिषाचा भाग आपण बाजूला ठेवू. पण त्या फलासाठी जागा, तारीख आणि तेज काटेकोर टिपावं लागे, आणि तेवढा काटेकोरपणा हजार वर्षांनी आपल्या कामी आला.

तो तारा १०५४ साली फुटला, असं म्हणायचं का?

नाही. फुटल्याचा उजेड १०५४ साली पोचला. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं आहे, म्हणजे प्रत्यक्ष स्फोट त्याच्याही साडेसहा हजार वर्षं आधी झाला होता. तरीही आपण वय मोजतो ते उजेड पोचल्याच्या दिवसापासून. तेव्हापासून आजवर जे दिसलं ते सगळं तेवढंच उशिरा आलेलं आहे, त्यामुळे दोन घटनांमधलं अंतर बदलत नाही. शाळेतली मुलं इथे हमखास अडखळतात आणि त्यांचं अडखळणं बरोबरच आहे. मोठी माणसं न अडखळता मान डोलावतात तेव्हा मला जास्त काळजी वाटते.

तारा फुटतो कशाने?

ताऱ्याचं वजन त्याला आत ओढत असतं आणि गाभ्यातल्या अणुभट्टीची उष्णता त्याला आतून तोलून धरते. सूर्याच्या आठ-दहा पट वजनाच्या ताऱ्याचं इंधन संपलं की तोल सुटतो. गाभा सेकंदाभरात कोसळतो, वरचे थर प्रचंड वेगाने बाहेर फेकले जातात. या स्फोटालाच अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात. 'नव' म्हणजे नवा, पण जन्माला आलेला नव्हे. तारा आधीपासून तिथे होता, फक्त डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नव्हता.

(दुसरीही एक तऱ्हा आहे: श्वेत बटू ताऱ्यावर (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गाभ्यावर) शेजाऱ्याचं द्रव्य साचून तो संपूर्ण उडतो आणि मागे गाभाही उरत नाही. १५७२ आणि १६०४ चे प्रसिद्ध तारे त्या जातीचे. १०५४ चा तसा नाही.)

पाहुणा तारा आणि आजचा खेकडा तेजोमेघ एकच, हे ठरलं कसं?

ही या सगळ्यातली सर्वांत सुरेख कथा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

१७३१ साली जॉन बेव्हिस या इंग्रज हौशी निरीक्षकाला वृषभात एक धुरकट ठिपका दिसला. १७५८ मध्ये शार्ल मेसिए हा फ्रेंच माणूस धूमकेतूच्या मागावर असताना त्याच ठिपक्यावर फसला. धूमकेतू सरकतो, हा ठिपका हलेना. पुन्हा कोणी फसू नये म्हणून त्याने अशा ठिपक्यांची यादीच सुरू केली आणि हा तिच्यातला पहिला, म्हणून एम १. पुढे १८४४ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी मोठ्या दुर्बिणीतून बघून त्याचं चित्र काढलं. चित्रातल्या धाग्यांना पाय फुटल्यासारखे दिसत होते, त्यावरून 'खेकडा' हे नाव पडलं. आणखी मोठ्या दुर्बिणीतून तो खेकड्यासारखा दिसला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

१९२१ मध्ये जॉन डंकन यांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेले फोटो ताडून पाहिले. तेजोमेघाचे धागे बाहेरच्या बाजूला सरकलेले होते. त्याच वर्षी स्वीडनच्या क्नुट लुंडमार्क यांनी जुन्या चिनी नोंदींतल्या नव्या ताऱ्यांची यादी छापली आणि १०५४ चा तारा या तेजोमेघाजवळचा असल्याची टीप दिली. १९२८ मध्ये एडविन हबल यांनी हिशेब मांडला: आजचा आकार आणि पसरण्याचा वेग पाहता हा पसारा सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका बिंदूत असला पाहिजे. नऊशे वर्षं मागे गेलं की आपण त्या पाहुण्याच्या दारात उभे राहतो.

शिक्कामोर्तब झालं १९४२ मध्ये. नेदरलँड्स जर्मन फौजांच्या ताब्यात असताना खगोलशास्त्रज्ञ यान ऊर्ट आणि चिनी भाषेचे पंडित डुइव्हेंडाक एकत्र आले. डुइव्हेंडाक यांनी मूळ चिनी आणि जपानी मजकूर तपासले. ऊर्ट यांनी अमेरिकेतल्या निकोलस मेयॉल यांच्या जोडीने खगोलशास्त्राची बाजू मांडली. एक प्रश्न भाषेचा पंडित आणि ताऱ्यांचा अभ्यासक यांनी मिळून सोडवल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

चिनी नोंदीत दिशा चुकली आहे, हे खरं का?

हो. नोंदीत पाहुणा तारा तियानग्वान या ताऱ्याच्या आग्नेयेला असल्याचं म्हटलं आहे. तियानग्वान म्हणजे वृषभाच्या दक्षिणेकडच्या शिंगाचं टोक. तेजोमेघ मात्र त्याच्या वायव्येला, सुमारे एका अंशावर आहे. नक्कल करताना दिशा उलटली असावी, असं अनेकांना वाटतं. या एका शब्दावरून बऱ्याच चर्चा झाल्या आहेत. पण तेजोमेघाचं वय, जागा, आणि आसपास दुसरा कोणताही योग्य अवशेष नसणं, हे सगळं एकत्र पाहिलं की शंका फारशी उरत नाही.

चीनखेरीज आणखी कोणी पाहिला?

जपानमध्ये पाहिला. तिथला कवी फुजिवारा नो तेइका याने तेराव्या शतकात आपल्या रोजनिशीत जुन्या नोंदी उतरवून घेतल्या, त्यात हा तारा आहे आणि तो गुरूएवढा होता असं म्हटलं आहे. बगदादचा वैद्य इब्न बुतलान त्या काळात कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. त्याने नव्या ताऱ्याचा आणि तिथल्या साथीचा संबंध जोडला. त्याचं लिखाण एका नंतरच्या चरित्रकाराने जपलं म्हणून आपल्यापर्यंत आलं.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चाको खोऱ्यात एका कड्याच्या पोटाशी चंद्रकोर, मोठा तारा आणि माणसाचा पंजा रंगवलेला आहे. ५ जुलै १०५४ च्या पहाटे तिथून खरोखरच कोर या ताऱ्याजवळ दिसली असती. चित्र मोहात पाडतं, पण त्यावर तारीख नाही, आणि तारीख नसेल तर मी त्याला पुरावा म्हणणार नाही. युरोपातली निर्विवाद म्हणता येईल अशी एकही नोंद नाही.

आणि भारतात? आपल्याकडे तर ज्योतिषाची मोठी परंपरा होती.

हा प्रश्न कोणी विचारला नाही असा एकही कार्यक्रम मला आठवत नाही, आणि दरवेळी उत्तर देताना मला वाईट वाटतं. जयंत नारळीकरांनी हाच प्रश्न मनावर घेतला होता. संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांच्यासोबत त्यांनी जुन्या भारतीय वाङ्मयात अतिनवताऱ्यांच्या नोंदींचा शोध घेतला आणि २००१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. १०५४ चाच तारा असं ठामपणे म्हणता येईल, अशी नोंद हाती लागली नाही.

पहिलं कारण सगळे सांगतात ते पावसाचं. जुलैत आपल्याकडे आभाळ भरलेलं, आणि तारा पहाटेच्या पूर्वेला. पण ही सबब फार पुरत नाही. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमाराला तो रात्रीचा बहुतेक वेळ आकाशात होता आणि पुढची सव्वा वर्षभर दिसण्याजोगा होता. मला दुसरं कारण जास्त पटतं. आपल्या सिद्धांतग्रंथांचा भर ग्रहांचं गणित करण्यावर होता. ग्रहण कधी, संक्रांत कधी, हे आधी सांगता येणं ही त्या विद्येची कसोटी होती. गणितात न बसणाऱ्या गोष्टी 'उत्पात' म्हणून वेगळ्या पडत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंवर, म्हणजे धूमकेतूंसारख्या पाहुण्यांवर, आख्खा अध्याय आहे, पण त्यात अमुक शके, अमुक तिथी अशी रोजनिशी नाही. शिवाय किती पोथ्या वाळवीने खाल्ल्या, हा हिशेब कधीच लागणार नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, अशी तारीख कोरलेली आहे. पाहुणा तारा मावळून तेव्हा चारच वर्षं झाली होती. दगडावर साल कोरणारी माणसं होती, कला होती, आणि तारा डोक्यावर होता. त्या देवळासमोर उभं राहिलं की मला दरवेळी हे आठवतं. अजून न उलगडलेल्या पोथ्या, ताम्रपट पुष्कळ आहेत, त्यामुळे मी आशा सोडलेली नाही.

खेकडा तेजोमेघ कर्क राशीत असतो ना?

नाही, वृषभेत. मराठीत काही जण त्याला 'कर्क तेजोमेघ' म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा होतो. म्हणून मी 'खेकडा'च म्हणतो.

तेजोमेघाच्या मधोमध काय आहे?

एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा कोसळून अतिशय घट्ट झालेला गाभा. वजन सूर्याहून थोडं जास्त आणि व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे तो पुणे शहरात मावेल. तो सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो.

असा तारा असू शकतो, हे वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच सुचवलं होतं: अतिनवताऱ्यातून न्यूट्रॉन तारा जन्मतो. तीन दशकं ते कागदावरच राहिलं. १९६७ च्या अखेरीस केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला ठरावीक ठेक्यात येणारे रेडिओ स्पंद सापडले. या स्पंदकांचा, म्हणजे पल्सरचा, ठेका सव्वा-दीड सेकंदाच्या आसपास होता, तेव्हा हे श्वेत बटू असावेत असंही म्हणता येत होतं. १९६८ मध्ये खेकडा तेजोमेघातून स्पंद सापडले आणि त्यांचा ठेका निघाला ३३ मिलिसेकंदांचा. श्वेत बटू इतक्या वेगाने फिरला तर चिंधड्या होतील. न्यूट्रॉन ताराच हवा, आणि तो सापडला नेमका ज्या जागी तारा फुटल्याची लेखी नोंद होती तिथे. चौतीस वर्षांपूर्वीची कल्पना खरी ठरली. जानेवारी १९६९ मध्ये ॲरिझोनातून त्याचे दृश्य प्रकाशातले स्पंदही टिपले गेले. बाडे आणि मिंकोव्स्की यांनी तेजोमेघातल्या ज्या अंधूक ताऱ्यावर पूर्वीच बोट ठेवलं होतं, तोच हा.

हजार वर्षं झाली, तरी तो तेजोमेघ अजून विझला कसा नाही?

स्फोटाची ऊब केव्हाच निवली असती. आज जे चकाकतं त्याला वीज पुरवतो तो मधला भिंगऱ्या तारा. त्याचं चुंबकीय क्षेत्र अफाट आहे. फिरता फिरता तो इलेक्ट्रॉनना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने हाकलतो आणि चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेणारे हे इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. १९५३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की यांनी हे सुचवलं. असा प्रकाश ध्रुवित, म्हणजे ठरावीक दिशेतच कंप पावणारा, असायला हवा, आणि वर्षभरातच तो तसा असल्याचं निरीक्षणांतून दिसलं.

किंमत मोजतो तो तारा. त्याची एक गिरकी रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी लांबते. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्यातून बाहेर पडणारी शक्ती लाखभर सूर्यांच्या तेजाएवढी आहे.

तारीख ठाऊक असल्याचा एवढा फायदा काय? वय अंदाजाने काढता येतंच की.

माझ्या मते सगळ्या पानावरचा हाच खरा प्रश्न आहे.

आकाशातल्या बहुतेक गोष्टींचं वय आपण एखादा सिद्धांत धरून काढतो. सिद्धांत चुकला तर वय चुकतं आणि चूक कळतही नाही. इथे मात्र दरबारातल्या कारकुनाने तारीख लिहून ठेवली आहे. मग गंमत बघा. १९६८ मध्ये व्हर्जिनिया ट्रिंबल यांनी धाग्यांचा वेग बारकाईने मोजून मागे हिशेब केला, तेव्हा स्फोटाचं साल सुमारे ११४० आलं. खरं साल १०५४. म्हणजे धागे पूर्वी हळू जात होते आणि वाटेत त्यांचा वेग वाढला. पसाऱ्याला आतून कोणीतरी ढकलतंय, आणि ढकलणारा तो पल्सरच. तारीख नसती तर ११४० हेच साल आपण खरं मानून बसलो असतो.

पल्सरचंही तसंच. त्याचा ठेका किती मंदावतोय यावरून ठोकळ वय काढलं तर साडेबाराशे वर्षं येतं. खरं वय हजाराहून कमी. हा फरक कशामुळे? तो जन्मला तेव्हाच आजच्या दुपटीपेक्षा फार जास्त वेगाने फिरत नव्हता, म्हणून. एका ताऱ्याचा जन्मवेळचा वेग सांगता येतो तो चिनी कागदावरच्या एका दिनांकामुळे. आज इतर शेकडो पल्सरना जी सूत्रं लावतात, ती आधी इथे घासूनपुसून बघितली गेली.

आजच्या निरीक्षणांत तो काय कामाला येतो?

क्ष-किरणांत तो इतका ठळक आणि बराचसा स्थिर आहे की दुर्बिणी त्याच्यावर तपासून घेतात. इतर स्रोतांचं तेज 'इतके क्रॅब' (क्रॅब म्हणजे इंग्रजीत खेकडा) असं सांगायची पद्धतच आहे. आपला ॲस्ट्रोसॅट हा खगोल-उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये गेला, तेव्हा त्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाने पहिल्यांदा पाहिला तो हाच तेजोमेघ. या उपकरणाच्या कामात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या दोन्ही संशोधन संस्था आहेत. २०१७ मध्ये त्यातूनच क्रॅब पल्सरच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण गिरकीगणिक कसं बदलतं, हे मोजल्याचं प्रसिद्ध झालं. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही याच्या स्पंदांचा अभ्यास झाला आहे. गॅमा किरणांत, अमेरिकेतल्या व्हिपल दुर्बिणीने १९८९ मध्ये जमिनीवरून खात्रीने पकडलेला पहिला अतिऊर्जावान स्रोतही हाच. लडाखमध्ये हानले इथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली २१ मीटरची मेस दुर्बीण याच जातीची आहे.

शिवाय तो वाटेवर आहे. सूर्य दर जूनमध्ये त्याच्या जवळून जातो, तेव्हा त्याच्या रेडिओ लहरींवरून सूर्याच्या प्रभामंडळाचा अभ्यास करता आला. जानेवारी २००३ मध्ये शनीचा टायटन त्याच्यासमोरून सरकला आणि चंद्रा या अवकाशातल्या क्ष-किरण दुर्बिणीने टायटनच्या वातावरणाची सावली क्ष-किरणांत मोजली.

मग आता सगळं उलगडलं असेल?

मुळीच नाही. धाग्यांचं वस्तुमान आणि वेग मिळवले तर स्फोटाची ऊर्जा अपेक्षेपेक्षा कमी भरते. कदाचित हा इलेक्ट्रॉन पकडून कोसळलेल्या गाभ्याचा, थोडा वेगळ्या प्रकारचा स्फोट असेल. त्यावर वाद चालू आहे. दुसरं कोडं अलीकडचं: 'स्थिर' समजला जाणारा हा तेजोमेघ गॅमा किरणांत मधूनच काही दिवस भडकतो, हे २०१० नंतर स्पष्ट झालं. २०२१ मध्ये चीनच्या लासो वेधशाळेने त्याच्याकडून आलेला एक पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेचा फोटॉन नोंदवला. कणांना एवढा वेग तिथे मिळतो तरी कसा, हे मला स्वतःला सर्वांत जास्त जाणून घ्यायचं आहे.

मला तो दिसेल का?

नुसत्या डोळ्यांनी नाही. अमावास्येच्या आसपास, शहरापासून दूर, वांगणी-नेरळसारख्या किंवा त्याहून काळोख्या जागी चार इंची दुर्बिणीतून लंबगोल करडा डाग दिसतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. रोहिणीवरून शिंगाच्या टोकाकडे या आणि तिथून एक अंश वायव्येला. महाराष्ट्रातून तो जवळपास माथ्यावर येतो, नागपुरात तर अगदी डोक्यावर. मान दुखते, पण हवेचा थर कमी असल्याने चित्र चांगलं मिळतं. धागे आणि रंग फोटोतच दिसतात. पल्सर अशा दुर्बिणीत दिसत नाही.

असा तारा आपल्या हयातीत पुन्हा दिसेल?

आपल्या दीर्घिकेतला नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ चा. १९८७ मध्ये शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात एक फुटला आणि त्याचे न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण, जमिनीखालच्या टाक्यांत पकडले गेले. मृगातला तांबडा काक्षी (बेटेलज्यूस) कधीतरी फुटणार हे नक्की, पण ते लाख वर्षांनीही असेल. २०१९ च्या अखेरीस तो मंदावला तेव्हा माझ्याकडेही विचारणा झाली. ती त्यानेच फेकलेल्या धुळीची करामत निघाली.

समजा, मलाच एखादा अनोळखी तारा दिसला, तर काय करू?

आधी ताऱ्यांच्या नकाशात पाहा, कारण बहुधा तो ग्रह निघतो. नाही निघाला, तर लगेच लिहा: तारीख, घड्याळातली वेळ, गाव, कोणत्या ताऱ्याच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर, शेजारच्या कोणत्या ताऱ्यापेक्षा उजळ आणि कोणत्यापेक्षा मंद, आणि रंग. हात लांब करून धरलेली करंगळी साधारण एक अंश झाकते, अंतराला ते माप पुरतं. दिशा लिहिताना आग्नेय की वायव्य, हे दोनदा तपासा. मग जवळच्या खगोलमंडळाला कळवा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पुन्हा बघून पुढच्या ओळीत लिहा.